अक्कल मायनस वन

मार्च उजाडला की ऑफिसातल्या प्रत्येकाचा चेहरा सारखाच दिसायला लागतो. अप्रेझल! कम्युनिकेशन ३, लीडरशिप २, इनिशिएटिव्ह ४. माणसाचे पाच-सहा तुकडे पाडायचे, प्रत्येकावर एकेक आकडा डकवायचा आणि त्यावरून पगारवाढ ठरवायची. आता समजा कुणी म्हणालं, हाच उद्योग शनिवारी संध्याकाळी पुन्हा करू, स्वतःच्या खर्चाने, सोबत सामोसे मागवून, फक्त आकडे बॉसच्या लहरीवर नाही तर फाशांवर ठरतील, तर तुम्ही म्हणाल की वेड लागलंय का? लागलंय. आम्ही सहा जण चार वर्षं हेच करतोय.

खेळाचं नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. 'स्ट्रेंजर थिंग्ज'मधली पोरं तळघरात बसून खेळतात ना, तोच. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन गृहस्थांनी १९७४ मध्ये तो बाजारात आणला, तोही विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा नावाच्या छोट्याशा गावातून. एक जण सूत्रधार, त्याला डंजन मास्टर म्हणायचं. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि गोष्ट पुढे न्यायची. पात्राचा एक कागद असतो आणि त्यावर सहा आकडे. स्ट्रेंथ म्हणजे ताकद. डेक्स्टेरिटी म्हणजे चपळाई. कॉन्स्टिट्यूशन म्हणजे तब्येत, दम. इंटेलिजन्स, विझडम आणि करिश्मा. (कपूर नव्हे. माणसाची समोरच्यावर पडणारी छाप.)

मूळ पद्धत साधी होती. सहा बाजूंचे तीन फासे टाकायचे, बेरीज करायची, लिहायची. असं सहा वेळा. कमीत कमी ३, जास्तीत जास्त १८, सरासरी साडेदहा. जे पडेल ते आपलं. नशिबाने जे ताटात वाढलं ते गिळायचं, अगदी आपल्या सगळ्यांच्या जन्मासारखं.

आता गंमत बघा. तीन फाशांवर आठ किंवा त्याहून कमी पडायची शक्यता २१६ पैकी ५६. म्हणजे दर चार आकड्यांतला एक. आणि सहाही आकडे आठच्या वर पडण्याचं भाग्य शंभरातल्या जेमतेम १६-१७ पात्रांना लाभतं. उरलेल्या ८३ जणांच्या कागदावर कुठे ना कुठे एक भोक असतंच. म्हणजे लंगडा आकडा हा अपवाद नाही, तोच नियम आहे. पण हे खेळणाऱ्यांना कधी फारसं पचलं नाही, आणि पुस्तकं लिहिणाऱ्यांनाही नाही.

१९७८च्या 'प्लेअर्स हँडबुक'मध्ये तर या बिचाऱ्यांची सरळ रवानगी ठरलेली होती. स्ट्रेंथ पाच किंवा कमी? मग फक्त जादूगार व्हायचं. इंटेलिजन्स पाच किंवा कमी? फक्त फायटर. आणि करिश्मा पाच किंवा कमी असेल तर... असॅसिन! म्हणजे चारचौघांत मिसळता येत नाही ना, मग सुपाऱ्या घे. सायन्सला नंबर लागला नाही तर कॉमर्स, तसलाच प्रकार. पुढच्याच वर्षी सूत्रधाराच्या पुस्तकात चार फासे टाकून त्यातला सगळ्यात छोटा बाजूला ठेवायची सोय आली आणि सरासरी बाराच्या वर गेली. २००० साली तिसरी आवृत्ती आली, तिने सांगितलं की सगळ्यात मोठा आकडा तेरा किंवा त्याहून कमी असेल तर तो कागद फेका आणि नव्याने टाका. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत तर फासे नकोच असतील तर सहा तयार आकडे मिळतात: १५, १४, १३, १२, १०, ८. आवडतील तसे वाटून घ्या. २०२४च्या सुधारित पुस्तकातही तेच आहेत.

या यादीतला शेवटचा ८ नीट बघा. तो कुठेतरी लिहावाच लागतो. जिथे आपल्याला फरक पडणार नाही तिथे तो ढकलायचा, त्याला खेळणारे 'डंप स्टॅट' म्हणतात. तलवारवाला इंटेलिजन्समध्ये टाकतो, जादूगार ताकदीत टाकतो आणि करिश्मामध्ये तर निम्मी जनता टाकते. अडगळीच्या खोलीसारखं. आणि माझ्या मते सगळा खेळ या अडगळीच्या खोलीतच आहे.

कारण आठचा नेमका अर्थ काय? आत्ताच्या नियमात आठला 'मायनस वन' मिळतो. वीस बाजूंचा एक फासा टाकायचा, त्यातून एक वजा करायचा. मध्यम अवघड कामाला १५ लागतात. साधारण माणूस वीस वेळा प्रयत्न करेल तर सहा वेळा जमेल. आठवाला पाच वेळा. बस्स! वीसात एकदाचा फरक. पाच टक्के.

आणि आपण काय करतो? इंटेलिजन्स ८ लिहिलं रे लिहिलं, की समोरचा चांगला एमबीए झालेला माणूस डोळे तिरळे करतो, लाळ गळाल्याचा अभिनय करतो आणि दार ढकलायच्या ऐवजी ओढत बसतो. पाच टक्क्यांसाठी एवढा तमाशा? अहो, दर चौथ्या माणसाला हा आकडा पडतो. तुमच्या टीममध्ये बारा जण असतील तर तीन. त्यांना गाडी चालवता येते, ते ईएमआय भरतात, पोरांच्या शाळेच्या ॲडमिशनचे फॉर्म भरतात. फक्त मीटिंगमधला जोक त्यांना इतरांपेक्षा अर्धा सेकंद उशिरा कळतो.

पण तिरळे डोळे परवडले. आमच्याकडे, म्हणजे मराठीत खेळणाऱ्या टेबलांवर, आणखी एक गोष्ट होते आणि ती जास्त बोचते. इंटेलिजन्स कमी पडला की आपला पुण्या-मुंबईचा गडी ताबडतोब भाषा बदलतो. 'म्या काय म्हन्तो' सुरू. एल्फ राजकन्या सदाशिव पेठेत बोलते, म्हातारा जादूगार आकाशवाणीवर बोलतो आणि कुऱ्हाड घेतलेला दांडगोबा थेट बांधावरून. कुणी ठरवून करत नाही. जीभ आपोआप वळते. सगळे हसतात. सिनेमा-नाटकांनी इतकी वर्षं हेच शिकवलंय, की गावाकडची बोली म्हणजे नोकर, हवालदार नाहीतर बावळट.

दोन वर्षांपूर्वी आमच्या टेबलावर एक नवा मेंबर आला. मूळ लातूरचा, हिंजवडीत टेस्टिंगमध्ये. पहिल्याच शनिवारी आमच्या एका मेंबरने आपला नेहमीचा इंटेलिजन्स ७ वाला रांगडा सुरू केला, सगळ्या हेलांसकट. नवा मेंबर तासभर गप्प होता. मग अगदी शांतपणे त्याने सूत्रधाराला विचारलं, "या फेरूनमध्ये लातूर नेमकं कुठं येतं?" (फेरून म्हणजे या खेळातल्या एका गाजलेल्या दुनियेतला खंड.) टेबल एकदम चिडीचूप. रांगड्याने त्यानंतर आवाज बदलला, आणि खरं सांगते, पात्र लगेच सुधारलं. तोपर्यंत त्याच्याकडे फक्त हेल होता. हेल गेल्यावर त्याला विचार करावा लागला की हा माणूस नेमका आहे कोण.

नव्या मेंबरने काय घेतलं माहितीये? विझार्ड, इंटेलिजन्स १७. आणि तो बोलतो त्याच्या घरच्या बोलीत. "दारामागं कोण तरी हाय बघ. मंत्र म्हणायलोय, गप उभा राहा." आत्तापर्यंतचा आमच्याकडचा सॉल्लिड विझार्ड!

अक्षर, भाषा आणि अक्कल या तिघांची गल्लत हा खेळही आधी करायचाच. १९८१च्या बेसिक पुस्तकात इंटेलिजन्सचा आकडाच ठरवायचा की पात्राला लिहिता-वाचता येतं की नाही. पण २००० सालच्या आवृत्तीत एक छान बदल झाला. त्यात बार्बेरियनला, म्हणजे रानात वाढलेल्या लढवय्याला, सुरुवातीला वाचता येत नाही, मग त्याचा इंटेलिजन्स १६ का असेना. शिकायला मिळालं नाही, एवढंच कारण. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं आणि त्यांच्या ओव्या मुलाने, सोपानदेवांनी, उतरवून घेतल्या, हे शाळेत शिकलेल्या आपल्याला तरी हे वेगळं समजावून सांगायला नको.

मग कमी इंटेलिजन्स खेळायचा कसा? यातला सध्याचा सगळ्यांना माहीत असलेला नमुना म्हणजे ग्रॉग स्ट्राँगजॉ. 'क्रिटिकल रोल' या २०१५ मध्ये सुरू झालेल्या शोमध्ये काही व्हॉइस ॲक्टर मंडळी कॅमेऱ्यासमोर हा खेळ खेळतात. त्यातला हा धिप्पाड गोलायथ. ट्रॅव्हिस विलिंगहॅम हा ॲक्टर त्याला खेळायचा. पुढे २०२२ मध्ये प्राइम व्हिडिओवर त्याच गोष्टीची ॲनिमेशन सिरीज आली. ग्रॉगचा इंटेलिजन्स ६. आणि ग्रॉगवर लोक जाम फिदा. का? नुसता वेडेपणा असता तर दोन-चार एपिसोडमध्ये कंटाळा आला असता. ग्रॉगला स्वतःचं लॉजिक आहे. ते आखूड असतं, पण धडधडीत असतं. त्याला काय हवंय ते त्याला पक्कं माहीत असतं, आणि छोट्याशा पाइकवर, त्याच्या जिवाभावाच्या दोस्तावर, त्याचा जीव आहे. विनोद त्याच्यावर होत नाही, तो आणि जग यांच्यामधल्या अंतरावर होतो.

आमच्या रांगड्यानेही शेवटी असंच काहीतरी शोधलं. त्याचा माणूस आता मूर्खासारखा वागत नाही. तो फक्त दोन गोष्टी एकत्र जोडू शकत नाही. गावात गाई मरतायत हे त्याला कळतं, विहिरीच्या पाण्याला वास येतोय हेही कळतं, पण यातून 'विषप्रयोग' हा शब्द दुसऱ्या कुणीतरी उच्चारावा लागतो. तोपर्यंत तो विहिरीपाशी मुकाट उभा राहून गाईंची नावं विचारत असतो. (गाईंची नावं! सूत्रधाराने तयारीच केली नव्हती. जागच्या जागी अकरा नावं तयार करावी लागली.)

इथे एक प्रॅक्टिकल अडचण येते. पात्र मठ्ठ, पण खेळणारा हुशार. कोडं समोर आलं, तुम्हाला उत्तर दहा सेकंदांत कळलं, आता? तोंडावर बोट ठेवून तासभर बसायचं? अजिबात नको. टेबलाबाहेर उत्तर सांगून टाका आणि गोष्टीत ते ज्याचा इंटेलिजन्स जास्त आहे त्याच्या तोंडी घाला. त्याला टाळी, तुम्हाला समाधान. किंवा तुमच्या पात्राला ते चुकून जमू द्या: तो चिडून दगडावर बसतो आणि तोच दगड किल्ली निघतो. कोडी शेवटी माणसंच सोडवतात, कागद नाही.

विझडमचं वेगळंच. इंग्रजीत या दोन शब्दांवर लोक तासन् तास वाद घालतात, मराठीत तो वाद होतच नाही, कारण 'हुशार' आणि 'शहाणा' हा फरक आपल्या आज्यांनी आधीच करून ठेवलाय. 'अतिशहाणा त्याचा बैल रिकामा' म्हणजे काय? इंटेलिजन्स १८, विझडम ६! अशी माणसं तुमच्या ओळखीची असणारच. कुणीतरी आयआयटीचा, सगळी गणितं तोंडपाठ, आणि 'तीन महिन्यांत पैसे दुप्पट' वाल्याला चेक देऊन बसलेला.

फक्त एक विनंती. कमी विझडम म्हणजे दुसऱ्याचा खेळ मोडायचं लायसन्स नाही. सगळे दोन तास राजाशी तह करतायत आणि एकाने उठून राजाच्या दाढीला हात घातला. का? तर "माझं कॅरेक्टर असंच वागेल." तुमचं कॅरेक्टर तुम्हीच बनवलंय हो, ते काही तुमच्या अंगात आलेलं नाही! चुकीच्या माणसावर विश्वास ठेवा, उधारी द्या, नको त्याच्या प्रेमात पडा, पहाऱ्यावर डुलकी घ्या. यात गोष्ट वाढते, आणि नुकसान आधी तुमचं होतं.

ताकद आणि तब्येतीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कमी ताकदवाला सामान उचलायला इतरांना सांगतो, झालं. तब्येतीत मात्र एक अजरामर उदाहरण आहे. १९८४ मध्ये मार्गरेट वाइस आणि ट्रेसी हिकमन यांच्या 'ड्रॅगनलान्स' कादंबऱ्या सुरू झाल्या, त्यातला रेस्टलिन. खोकत-खोकत जादू करणारा, सोनेरी कातडीचा, कडवट जिभेचा जादूगार. शेजारी पैलवान जुळा भाऊ. कादंबरी छापायच्या आधी टेबलावर खेळून बघताना एका मित्राने त्याला तो घोगरा, कुजबुजता आवाज दिला आणि तो त्याला कायमचा चिकटला. काय खेळलाय तो! अशक्त आहे म्हणून गोड नाही, सोशिक नाही. ज्याच्या आधाराशिवाय चालत नाही त्या भावाचाच त्याला राग येतो. घरात दीर्घ आजारी माणूस ज्यांनी सांभाळलाय त्यांना हे लगेच कळेल.

आता करिश्मा. मला विचाराल तर सगळ्यात नाजूक आकडा हाच, कारण इथे कागद आणि माणूस समोरासमोर येतात. ताकद १८ लिहिणाऱ्याला कुणी म्हणत नाही, चल, हे टेबल उचलून दाखव. पण करिश्मा १८ लिहिलं की सूत्रधार म्हणतो, "बरं, कर भाषण!"

आमच्यातली एक मैत्रीण मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही. कॉलवर कॅमेरा बंद, चॅटमध्ये 'नोटेड'. तिने हौसेने बार्ड घेतली, म्हणजे गाणारी-बोलणारी, माणसं जिंकणारी. करिश्मा १७. पहिल्याच दिवशी पहारेकऱ्याला पटवायची वेळ आली आणि तिला शब्द सुचेनात. लाल झाली, म्हणाली, जाऊ दे, मी लढते. त्याच टेबलावर आमचा एक सेल्सवाला. त्याने करिश्मा ६ वर सोडून दिलेला, त्या बदल्यात ताकद वाढवून घेतलेली. पण बोलायला लागला की फासा टाकायची वेळच येत नाही, सूत्रधारालाच पटून जातं! म्हणजे जिला बोलायची ताकद हवी होती आणि जिने त्यासाठी आकडे खर्च केले, ती गप्प. आणि ज्याने ती विकून खाल्ली तो फुकटात वापरतोय. ऑफिसात पाच दिवस जे चालतं तेच सहाव्या दिवशी.

सूत्रधाराने पुढच्या शनिवारपासून एक गोष्ट बदलली. काय साधायचंय ते साध्या वाक्यात सांगायचं, फासा टाकायचा, मग फाशाप्रमाणे ते कसं बोललं गेलं ते रंगवायचं. मैत्रीण म्हणते, "त्याला त्याच्या आईची आठवण करून द्यायचीये." फासा १६, वर करिश्माचे ३. पहारेकरी रडतो. ती अजूनही भाषण करत नाही, पण हल्ली एखादं वाक्य फाशाच्या आधीच निसटतं तिच्या तोंडून. आणि सेल्सवाल्याची झाली पंचाईत! मायनस टू. त्याचं फर्डं भाषण ऐकून सरदार म्हणतो, "हा काहीतरी विकायला आलाय." पहिले दोन आठवडे तो चिडला होता. मग त्याने त्याच्या योद्ध्याला एक सवय लावली: बोलायच्या आधी तो मनात वाक्य तीनदा घोकतो, आणि तोवर विषय बदललेला असतो. कमी करिश्मा म्हणजे उद्धट, घाणेरडा किंवा कुरूप, हे सगळे करतात. हा माणूस सभ्य आहे, दिसायला बरा आहे, फक्त कुणाच्या लक्षात राहत नाही. सरायचा मालक त्याला रोज नव्याने नाव विचारतो. परवा मोहिमेवरून परत येताना सगळ्यांचा जयजयकार झाला आणि दरवाजावरच्या शिपायाने याला एकट्याला अडवलं. आम्ही हसलो, मग हसायचे थांबलो, आणि आमची बार्ड मागे वळून त्याला हाताला धरून आत घेऊन आली. फासा न टाकता.

गेल्या आठवड्यात नवी मोहीम सुरू झाली आणि आम्ही ठरवलं, जुन्या पद्धतीने टाकायचे. तीन फासे, सहा वेळा, पडतील त्याच क्रमाने, अदलाबदल नाही. माझ्या वाट्याला आले: स्ट्रेंथ १२, डेक्स्टेरिटी ९, कॉन्स्टिट्यूशन ७, इंटेलिजन्स १४, विझडम ५, करिश्मा ११. सूत्रधाराने सहानुभूतीने पाहिलं. तब्येतीला मायनस टू, शहाणपणाला मायनस थ्री. विझार्ड करायची म्हटलं तर हिट पॉइंट चार, म्हणजे एका गॉब्लिनचा एक बरा वार लागला की कार्यक्रम आटोपला.

तीन दिवस तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत घेऊन फिरतेय. आता कळतंय थोडं थोडं. ही बंदरावरच्या जकात नाक्यावर हिशेब लिहायची. आकडेमोडीत पक्की, पावसाळा आला की अंथरुणात, आणि समोरचा डोळ्यांत पाणी आणून बोलला की पाघळणारी. वीस वर्षांची सगळी शिल्लक देऊन तिने एका अनोळखी खलाशाकडून एका जहाजाचा तिसरा हिस्सा विकत घेतलाय. कागदपत्रं चोख आहेत, ती तिने स्वतःच तपासलीयेत. जहाज मात्र अजून पाहिलेलं नाही. शनिवारी सहा वाजता बंदरावर जायचंय.